मशीनच्या कपाळावरचा स्क्रू

नीराबाईच्या मुलीची हळद परवावर आली होती आणि माझ्या सासूबाईंनी, सखुबाईंनी, धवला गायला येणार नाही असं सांगून टाकलं. आमंत्रण घेऊन आलेल्या नीराबाईसमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "आता दुसरी कोन मिलते ती बघ." नीराबाई कपाकडे बघत बसली. दुसरी कोण बघणार? आमच्या गावात धवलारीण एकच उरली आहे.

आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालताना, हळद दळताना, नवरीला पाटावर बसवताना तिने गायचं. गावच्या देवांना, घरच्या पितरांना नावं घेऊन बोलवायचं. ती गाणी म्हणजे धवले. सासूबाईंना सगळे तोंडपाठ आहेत आणि गळाही अजून सुरात आहे. पण वय झालं, उमेदीची वर्षं मिठागरावर खारं वारं खाण्यात गेली, आणि आवाजातला जोर ओसरला. मांडवात चार बायका बोलायला लागल्या की पाटावरच्या नवरीलासुद्धा धवला ऐकू जात नाही.

मागच्या लग्नात डीजेवाल्या कुलदीपने त्यांच्या हातात आपला माईक दिला. दिला तो दिला, वर आवाज घुमवला आणि मागून ठेका सोडला. इकडे बाई पितरांना बोलावतेय आणि समोर पोरं कंबर हलवतायत. सासूबाईंनी माईक सुपातल्या तांदळांवर ठेवला आणि चपला घालून घरी आल्या. तेव्हापासून एकच म्हणायच्या, माजा आवाज सरला. मला ते ऐकवत नसे. आवाज सरला नव्हता, तो कोणाला ऐकायचा नव्हता. आणि मला पुढचंही दिसत होतं. नीराबाईकडे त्या गेल्या नाहीत, धवल्याशिवाय एक लग्न लागलं, की त्यांच्या दारात परत कोणी येणार नाही. मग त्या खरोखरच सरल्या असत्या.

म्हणून मी मध्ये तोंड घातलं. "आई, आपला भोंगा नेऊ की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की नीराबाई नसती तर काही ऐकवलं असतं. "आपला भोंगा बोलला त जाईन," त्या म्हणाल्या. "नाय बोलला त मना परत विचारू नको."

आमचा भोंगा मुका झालाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विषय मिटवायला बोलल्या त्या. पण मी ती अट दोन्ही हातांनी उचलली. "ऐकलंत ना नीराबाई? साक्षीला तुमी," मी म्हटलं. नीराबाईने चहा एका घोटात संपवला आणि सासूबाईंना शब्द फिरवायला वेळ न देता निघून गेली.

भोंगा म्हणजे नुसता कर्णा नाही, त्याच्याबरोबरचं मशीनही. माझ्या सासऱ्यांनी, चांगदेवबाबांनी, ते फार पूर्वी मुंबईत कोणाकडून तरी वापरलेलं घेतलं होतं. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत लाँचमध्ये मांडीवर घेऊन आणलं, ही गोष्ट ते अजून सांगतात, आणि दर वेळी समुद्र आधीपेक्षा खवळलेला असतो. गावातल्या पूजा, बारशी, लग्नं, सगळीकडे हेच मशीन जायचं. बाबा कर्णा चिंचेला बांधायचे आणि स्वतः शेतं ओलांडून खाडीच्या बांधावर जाऊन उभे राहायचे. तिथवर आवाज पोचला की खांद्यावरचा पांढरा टॉवेल वर करायचे. टॉवेल वर जाईपर्यंत सासूबाई इकडे माईकमध्ये गात राहायच्या. गावातल्या जुन्या बायका अजून सांगतात की बांधावरचा टॉवेल बघायला त्या लहानपणी धावत जायच्या.

आता मशीन कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली असतं. दसऱ्याला तेवढं बाहेर निघतं. सासूबाई त्याला पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, आणि पुन्हा लुगडं पांघरतात. चालू केलं तर गुरगुरतं. एवढ्या जोरात गुरगुरतं की माईकमध्ये ओरडलं तरी आतला शब्द कळत नाही.

मी लुगडं काढलं. कडेचा एकही स्क्रू स्क्रूसारखा दिसत नव्हता. काळपट तांबड्या रंगाचे फोड उठले होते, एवढंच.

नवऱ्याला फोन लावला. जीवन ट्रेलर घेऊन गुजरातकडे गेला होता. "अगं, नवीन घेऊ ना. येताना आनतो," तो म्हणाला.

"नवीन बोलला तर जाईन असं आई म्हणाल्या नाहीत," मी म्हटलं. "तुझी हत्यारांची पिशवी कुठे आहे ते सांग."

बाबा ओटीवरून ऐकत होते. "गंजल्या लोकंडाच्या नादाला लागू नको, पोरी," ते म्हणाले. "मिठागरात आमी सगली लाकडाची हत्यारं वापरली ती काय हौस म्हनून?"

पिशवी हाताला लागेपर्यंत मला दम नव्हता. मी ब्लाउज शिवते. शिलाई मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात बसलेला आहे, तोच घेतला आणि पहिल्या स्क्रूला भिडवला. जोर लावला, तो सटकला. रागाने आणखी जोर लावला. डोक्यावरची खाच अशी घासून गेली की तिथे गुळगुळीत बटण झालं. सासूबाई आतून डोकावल्या, बटणाकडे बघितलं, आणि पुन्हा आत गेल्या. ते बघणं मला फार लागलं.

तेव्हा कुठे मी शहाण्यासारखी बसले. फोनवर दोनचार व्हिडिओ बघितले. मग शिलाई मशीनच्या तेलात जीवनने ट्रेलरसाठी डब्यात ठेवलेलं थोडं डिझेल मिसळलं आणि सुईच्या टोकाने प्रत्येक स्क्रूच्या मुळाशी थेंब थेंब सोडलं. आणि थांबले. थांबणं हे माझ्या स्वभावात नाही, म्हणून तेवढ्यात नीराबाईच्याच ब्लाउजला हुक लावत बसले. मग सुईने खाचा कोरून साफ केल्या. जीवनच्या पिशवीतला बरोबर मापाचा, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवून मुठीवर हातोडीने हलके ठोके दिले. आणि एक गोष्ट त्या व्हिडिओतल्या माणसाने फार छान सांगितली होती: सैल करायच्या आधी तो एक केसभर आणखी घट्ट करायला बघायचा. गंज तिथेच तुटतो. उलटं वाटतं, पण माणसांशीही मी कधीकधी हेच करते.

पहिला सुटला तेव्हा मी एकटीच "आली गो बाय!" असं ओरडले. मग दुसरा आला. एक रात्रीपर्यंत अडून बसला, त्याला सोल्डरिंगच्या सळईने तापवलं. ज्याचं मी बटण करून ठेवलं होतं त्याला करवतीच्या ब्लेडने नवीन खाच पाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण निघालं. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, धूळ होती, एक वाळकी पाल होती. जळलेलं मात्र काही नव्हतं. मला वाटलं, जिंकलं. साफसूफ केली, वायर लावली, चालू केलं.

गुर्रर्र.

तेवढ्यात कुलदीप आला. नीराबाईकडे डीजेचे खोके उतरवायला आला होता, आवाज ऐकून आमच्या ओटीवर चढला. "वहिनी, एकदम भंगार हाय. कनाला टाइमपास करता?" तो म्हणाला. "आजीला माझा माईक देतो ना. बिना इको. आईशप्पथ."

"तुझा माईक तू ठेव," मी म्हटलं. "आणि उभा राहायचं असेल तर उजेड सोडून उभा राहा."

तो हसला, पण बाजूला झाला. मी पायात रबरी चपला घातल्या, घरातलं लाटणं आणलं, आणि त्याच्या कोरड्या लाकडी टोकाने आतल्या एकेका वायरला हलकेच दाबत गेले. शिलाई मशीनच्या मोटारीचा सैल जोड मी असाच शोधला होता. इथे दाबलं, गुर्रर्र. तिथे दाबलं, गुर्रर्र. मशीनच्या समोरच्या पत्र्यावर माईकची दोन भोकं आहेत, शेजारी शेजारी, आणि त्यांच्या मधोमध जरा वर एक मोठा स्क्रू. झाकणाशी त्याचा संबंध नाही म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. पण आतून बघितलं तर काळ्या वायरी सगळीकडून येऊन त्याच्याच नटाखाली दाबलेल्या होत्या. मी तिथे लाटणं टेकवलं आणि दाबलं.

गुरगुर बंद. लाटणं उचललं, गुर्रर्र. दाबलं, बंद.

कुलदीप खाली वाकला. "अर्थिंग," तो हळूच म्हणाला. "स्क्रू गंजला, अर्थिंग तुटली. वहिनी, हा काढून वायरी साफ केल्या पायजेत. पन हा नाय निघायचा. ह्याचा पार लाडू झालाय."

खरंच झाला होता. बाकीचे स्क्रू गंजले होते, हा खाल्ला गेला होता. मी वायर उपटून मशीन उन्हात घेतलं, खाली कागद पसरला आणि सुईने खाच कोरायला लागले. वाटलं, तांबडा गंज येईल. आलं ते पिवळं. मग लाल. मग पुन्हा पिवळं, दगडासारखं घट्ट झालेलं, थरावर थर. मी बोटावर घेऊन वास घेतला.

हळद होती. हळद आणि कुंकू.

माझ्या डोळ्यांसमोर दसरा आला. दोन भोकं म्हणजे डोळे, आणि त्यांच्या मधोमध कपाळ. सासूबाई पाण्यात कालवलेल्या हळदीत बोट बुडवून दर दसऱ्याला नेमकी तिथेच टेकवत आल्या होत्या. मशीन घरात आलं तेव्हापासून. आणि वरून लुगडं पांघरून ठेवायच्या, ओलं तसंच. समुद्राने लाँचमध्ये जे केलं नाही ते आमच्या पूजेने केलं होतं.

मी कागदाची पुडी करून लपवणार होते. पण सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी कागदावरचा रंग बघितला. मग मशीनकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

"म्हंजे मीच गंजवला," त्या म्हणाल्या.

"आई, तसं नाही—"

"मीच मुका केला त्याला." त्या ओटीच्या पायरीवर बसल्या. "ठेव तो. नको हात लावू. त्याचीच इच्छा नाय. माजा पन गेला, त्याचा पन गेला."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्यांचा नाही. एवढ्या श्रद्धेने केलेल्या गोष्टीचं ओझं आता ह्या बाईने उरावर घेऊन बसायचं, ह्याचा राग. सासूला वर तोंड करून बोलायची रीत आमच्याकडे नाही, पण त्या दिवशी मी रीत बाजूला ठेवली.

"त्याची इच्छा तुमी ठरवू नका," मी म्हटलं. "तुमी त्याला पुजलंत म्हणून तो भंगारात नाही गेला, घरात राहिला. गंज चढलाय, तो मी काढते. पण मला एकटीला जमणार नाही. आतून नट पकडायला माणूस पाहिजे. या इकडे."

कुलदीप पुढे झाला. "मी धरतो ना."

"तू नाही. ह्या धरतील."

बाबा ओटीवर खांबाला टेकून उभे होते, त्यांच्याकडे सासूबाईंनी एकदा पाहिलं. त्यांनी मान हलवली, उठ म्हणून. मग त्या उठल्या. पदर खोचला, मशीनच्या पलीकडे मांडी घातली आणि माझ्या हातातून पक्कड घेतली. आतल्या नटाला ती अशी बसवली की हलली नाही. आयुष्यभर मिठाचे ढीग ओढलेलं मनगट आहे ते. आवाजातला जोर गेला होता, मनगटातला नव्हता.

मी तेल सोडलं. दोघी थांबलो. सळई तापवून डोक्याला लावली, उरलेली हळद करपल्याचा वास सुटला. पुन्हा तेल. हातोडीचे ठोके. मग स्क्रू ड्रायव्हर खाचेत रोवला, छातीचा भार मुठीवर दिला आणि पिळला. काही नाही. पुन्हा पिळला. माझा हात सोलला.

"दम घे," सासूबाई म्हणाल्या. "असा खेचाखेची नाय करायची. लयीत लाव." आणि त्या गुणगुणायला लागल्या. हळद दळतानाचा धवला. जात्याची मूठ फिरते त्या चालीवर, अगदी खालच्या आवाजात, जणू समोर मशीन नाही, जातं आहे. ओळ संपत आली की मी जोर लावायचा, ओळ सुरू झाली की सोडायचा. मला शब्द येत नव्हते, पण चाल माझ्या हातात शिरली. एक ओळ. दुसरी. कुठल्यातरी ओळीच्या शेवटाला कट् असा आवाज झाला आणि मी तोंडघशी पडता पडता वाचले.

"तुटला," कुलदीप म्हणाला.

मी स्क्रू ड्रायव्हर हलवून बघितला. तुटला नव्हता. फिरला होता. एवढासा, पण फिरला होता. मग मी तो घट्ट केला, सैल केला, तेल पाजलं, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. करकर करत, आट्यांतून तांबडा भुसा ओकत, तो बाहेर आला. सासूबाईंनी तो तळहातावर घेतला. निम्मा झिजलेला, वाकडा, डोक्यावर अजून पिवळा डाग. त्यांनी तो कमरेच्या पिशवीत टाकला.

मी वायरींची टोकं घासून लखलखीत केली, पत्रा घासला. नवीन स्क्रू आणायला पोयनाडला जावं लागणार होतं. कुलदीप तोपर्यंत उतरून गेला होता, मला वाटलं कंटाळला असेल. तर तो परत आला, हातात स्टीलचा स्क्रू, नट आणि चकती. "माझ्या खोक्याचा हाय," तो म्हणाला. "गंजत नाय. माझा खोका एक स्क्रू कमी असला तरी चालंल." मी त्याला त्या दिवसातला पहिला चहा दिला. माफ केलं असं मात्र नाही म्हटलं.

मशीन चालू केलं तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, मेलं. मग बाबांनी माईकवर टिचकी मारली आणि माळ्यावरून काढलेल्या कर्ण्यातून टक् असा आवाज अख्ख्या आळीत गेला. समोरच्या घरातली कोंबडी उडाली.

सासूबाई माईकजवळ गेल्या नाहीत. "उद्या," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हळदीला नीराबाईच्या दारातल्या आंब्याला मी आणि कुलदीपने कर्णा बांधला. मांडव भरला होता. डीजेचे खोके बाजूला गप्प उभे होते. कुलदीपने त्यांची वायरच काढून ठेवली होती आणि कोणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवत होता. पोरं कुजबुजत होती. नीराबाईची मुलगी पाटावर बसली. मशीन पाटाच्या शेजारी, लुगड्याशिवाय, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. बाबा कुठे दिसत नव्हते.

सासूबाई आल्या. नवरीसमोर वाकल्या, आणि हळदीच्या वाटीत बोट बुडवलं. ओलं पिवळं बोट वर आलं आणि सवयीने सरळ मशीनच्या कपाळाकडे निघालं, दोन भोकांच्या मधल्या त्या नव्या कोऱ्या चकचकीत स्क्रूकडे. एवढ्या लोकांत मी सासूचा हात धरणार होते थोडीच? नीराबाई बघत होती, कुलदीप बघत होता.

बोट थांबलं. सासूबाईंनी स्क्रूकडे बघितलं. मग वळल्या, माझ्यासमोर आल्या आणि ते बोट माझ्या कपाळावर टेकवलं. हळद थंड होती.

"हिला लावते," त्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "ही नाय गंजायची."

बायका हसल्या. मी हसले नाही, मला जमलं नाही. मी माईक त्यांच्या हातात दिला आणि मशीनचं बटण फिरवलं.

त्या गायला लागल्या. आवाज तोच, म्हातारा, पातळ, कडेला थोडा फाटलेला. घुमवलेला नाही, वाढवून चढवलेला नाही. फक्त ऐकू येणारा. गावदेवीचं नाव आलं, मग नवरीच्या आजोबांचं, मग पणजीचं. पाटावरच्या पोरीने पणजीचं नाव ऐकलं आणि मान वर केली. बोलणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. काहींचे ओठ हलायला लागले.

सासूबाई गाता गाता मांडवाच्या कडेला सरकल्या, माईकची वायर पुरेल तेवढ्या, आणि कापलेल्या शेतांपलीकडे बघत उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळलं बाबा कुठे गेलेत. बांधावर एक माणूस उभा होता, एवढासा दिसणारा. सासूबाईंनी पुढची ओळ घेतली, आणि त्याच्यावरची नजर हलवली नाही.

बांधावर पांढरा टॉवेल वर गेला. आणि वरच राहिला.